एक भोक कमी: लाकडी पाटीवरील क्रॉस स्टिच संचाबद्दल तक्रार

प्रति,
मा. ग्राहक तक्रार निवारण अधिकारी यांस,

विषय: लाकडी पाटीवर क्रॉस स्टिच करण्याच्या दोन संचांतील दोष व रक्कम परत मिळण्याबाबत.

महोदय,
स. न. वि. वि.

मी बेळगावात टिळकवाडीत राहते. माझी मैत्रीण शहापूरची, माहेर धारवाड. आम्ही दोघींनी मिळून आपल्या संकेतस्थळावरून तुळशी वृंदावनाच्या नक्षीचे दोन संच मागवले. प्रत्येकी ६४० रुपये आणि पोचवण्याचे ६० धरून १,३४० रुपये आगाऊ भरले. संच चार दिवसांत आले, बांधणीही नीट होती. त्याबद्दल तक्रार नाही.

हे संच का घेतले, ते आधी सांगते. मैत्रिणीच्या आईने, म्हणजे अव्वांनी, तरुणपणापासून इरकल साड्यांवर कसुती (धारवाडकडचं पारंपरिक भरतकाम) भरली आहे. कसुतीत नक्षी छापून घेत नाहीत, कापडाचे धागे मोजत भरतात. आता त्यांना कापडाचा धागा दिसत नाही. कसुतीतला मेंथी टाका म्हणजे आपला फुलीचा, क्रॉस स्टिचचा टाकाच. तेव्हा मोठी भोकं असलेल्या लाकडी पाटीवर अव्वांना पुन्हा सुई धरता येईल, असं मैत्रिणीच्या मनात आलं. आधी आपण दोघी करून बघू आणि जमलं तर दुसरी पाटी त्यांना देऊ, असं ठरलं. डब्यावर ‘नवशिक्यांसाठी’ असं छापलेलं आहे, ते वाचूनच आम्ही निर्धास्त झालो.

आता मुख्य दोष. नक्षीच्या कागदावर रुंदीत ४० चौकोन आहेत. एका चौकोनाला एक फुली. चाळीस फुल्या बसायच्या तर भोकं ४१ हवीत, कारण पहिल्या फुलीला दोन बाजूंची दोन भोकं लागतात आणि पुढच्या प्रत्येक फुलीला एकेक. पाटीवर भोकं आहेत ४०. म्हणजे फुल्या बसतात एकोणचाळीसच. कागदात ‘मधल्या भोकापासून सुरुवात करा’ असं लिहिलंय; चाळीस भोकांत मधलं भोक असतच नाही. आम्ही विसावं धरून वृंदावनाचा पाया भरायला घेतला. उजवीकडे वीस फुल्या बरोबर बसल्या. एके दिवशी संध्याकाळी डावीकडच्या टोकाला आलो, तर शेवटच्या फुलीला जागाच नाही. आपलंच मोजणं चुकलं असेल म्हणून दोघींनी दोन ओळी उसवल्या आणि पुन्हा भरल्या. त्या दिवशी अव्वा शहापूरला आलेल्या होत्या. त्यांनी पाटी मांडीवर घेतली, तर्जनीने एकेक भोक चाचपत टोकापर्यंत गेल्या आणि म्हणाल्या, “ओंद कम्मी ऐती.” एक कमी आहे. दुसरी पाटी काढून मोजली, तीही तशीच. म्हणजे चूक एका नगाची नाही, साच्याचीच आहे.

बाकीच्या दोषांचं मूळ, माझ्या मते, एकच आहे. आपण कापडाचा संच घेतलात आणि कापडाच्या जागी लाकूड ठेवलंत. सोबतच्या कागदात लिहिलंय, ‘कापड रिंगमध्ये ताणून बसवा’. शेवटी लिहिलंय, ‘कोमट पाण्यात धुऊन उलट बाजूने इस्त्री करा’. तीन मिलिमीटरचा प्लाय कुणी विश्वास ठेवून कोमट पाण्यात घातला असता तर फुगून त्याचे थर सुटले असते.

दोऱ्याचंही तसंच. कापडावर भरताना सहा पदरी दोरा सोडवून दोन-दोन पदरांनी भरतात, म्हणून आठ मीटरची लडी चोवीस मीटरचं काम करते. पाटीवर भोकांत चार मिलिमीटरचं अंतर आहे. दोन पदरांनी भरलं तर फुल्यांमधून लाकूड दिसतं, म्हणून सहाही पदर घ्यावे लागतात. मैत्रिणीने टेपने मोजलं, एका फुलीला पुढचा-मागचा मिळून साधारण दोन सेंटीमीटर दोरा जातो. नक्षीत तांबड्या रंगाच्या ६२० फुल्या आहेत. म्हणजे बारा मीटरहून जास्त दोरा हवा आणि आपण लडी दिलीत एक. खडेबाजारात तीन दुकानं फिरून मिळतीजुळती लडी आणली. छटा किंचित गडद आहे आणि ते भिंतीवर लांबूनही कळतं.

भोकं लेसरने पाडलेली आहेत, त्यामुळे प्रत्येक भोकाच्या कडेला काजळी आहे. पांढरा दोरा पहिल्या टाक्यालाच राखाडी झाला. पणतीची ज्योत आणि रांगोळी पांढरी असायला हवी होती, ती मळकी दिसते. दुसऱ्या पाटीची भोकं आम्ही जुन्या टूथब्रशने कोरडीच घासली, मागून बारीक पॉलिश पेपर फिरवला; खाली पसरलेला पंचा काळा झाला. ही एक ओळ आपल्या कागदात असती तर पहिली पाटी वाचली असती.

आणि सुई. टोक बोथट आहे, ते योग्यच. पण नेढं जाड आहे. आतल्या प्रत्येक भोकात चार फुल्यांचे कोपरे येतात, म्हणजे एकाच भोकातून दोरा किमान चारदा जातो. चौथ्या वेळी सुई अडकते. पक्कड लावून ओढली तेव्हा दोन भोकांमधली ढलपी निघाली आणि तिथे टाका धरायला काही उरलं नाही. अव्वांच्या हातांना हे झेपणारं नाही, म्हणून दुसरी पाटी आम्ही त्यांना दिलीच नाही.

आपल्या ग्राहक सेवेला मी फोटोंसह दोनदा लिहिलं. ‘हाताने बनवलेल्या वस्तूत थोडा फरक असतो’ आणि ‘परत घेण्याची सात दिवसांची मुदत संपली’ अशी उत्तरं आली. भोकं यंत्राने पाडलेली आहेत, हाताने नव्हे. आणि टोकापर्यंत भरत गेल्याशिवाय हा दोष दिसतच नाही. संध्याकाळी तासभर बसणाऱ्या बायकांना सात दिवसांत तिथवर पोचता येत नाही.

दोन्ही संचांचे १,३४० रुपये आणि जादा लडीचे पैसे परत मिळावेत, ही माझी मागणी आहे. ४१ भोकांची, घासून स्वच्छ केलेली पाटी आपण तयार केलीत तर पैशांऐवजी त्या दोन पाट्या, पुरेसा दोरा आणि बारीक नेढ्याच्या सुया आम्ही आनंदाने घेऊ. सूचनांचा कागद लाकडासाठी नव्याने लिहावा आणि तो मराठीत व कन्नडमध्येही असावा. अव्वा कन्नड वाचतात, मी मराठी. इंग्रजी कागद आम्हाला मैत्रिणीच्या मुलाकडून वाचून घ्यावा लागला.

ई-वाणिज्य नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. तसं न झाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार राहत्या ठिकाणी, म्हणजे बेळगावच्या जिल्हा आयोगाकडे अर्ज करीन. आपण तशी वेळ आणू नये.

अर्धी भरलेली पाटी सुईसकट जपून ठेवली आहे. आपला माणूस पाठवलात तर त्याच्यासमोर भोकं मोजून दाखवू.

आपली,
एक ग्राहक
टिळकवाडी, बेळगाव

सोबत: बिलाची छायाप्रत, दोन्ही पाट्यांचे पट्टी लावून काढलेले फोटो, सूचनांच्या कागदाची प्रत, खडेबाजारातील दोऱ्याची पावती.