नाव विचारायचं राहून गेलेल्यांना

मागच्या आठवड्यात मुरूडहून गुहागरपर्यंत समुद्राच्या कडेकडेनं गाडीनं गेलो. बरोबर ७६ वर्षांची आई. तिला जंजिरा बघायचाच होता. शिडाच्या होडीतून किल्ल्याच्या पायरीवर उतरणं म्हणजे लाटेशी झटापट. तिथल्या नावाड्यानं "आजी, मी सांगेन तेव्हाच पाय उचला" म्हणत तिला अलगद उतरवलं. कलालबांगडी तोफेपेक्षा आई त्याचंच कौतुक अजून सांगतेय.

हरिहरेश्वरला प्रदक्षिणेच्या वाटेवर, लाटांनी जाळी पाडलेल्या खडकांचे फोटो काढत आम्ही रेंगाळलो होतो (चूक आमचीच). एका काकूंनी वरून हाक मारली, "भरती लागलीय, माघारी फिरा!" थोड्याच वेळात ती वाट पाण्याखाली गेली. काकू, तुमचे उपकार विसरणार नाही.

बागमांडल्याला फेरीबोटीत गाडी उलटी चढवून देणारे दादा, तुमचेही आभार.

आणि केळशी-आंजर्ले रस्त्यावर भर उन्हात चाक बदलून देणारे दोघे! पैसे घेतले नाहीत, वर घरचं कोकम सरबत पाजलंत. त्या गडबडीत तुमचा जॅक आमच्या डिकीत राहिलाय. दिवाळीत सुवर्णदुर्ग बघायला येतोय, तेव्हा घेऊन येतो.