दुसरी किल्ली

डोंबिवली (पूर्व),
१२ डिसेंबर २०२४

चि. मृणाल हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर बोलायचे ते राहून जाते आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर सगळे आठवत राहते, म्हणून पत्र लिहायला बसलो आहे. नोव्हेंबरात चार दिवस तुला ताप होता, उठून चहा करून घेण्याचेही त्राण नव्हते आणि आता सगळे ठीक आहे, असे रविवारी तू आईला बोलता बोलता सांगून गेलीस. आईने ते फारसे मनावर घेतले नाही असे तुला वाटले असेल. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ ओट्याशी नुसती उभी होती. मला मात्र त्या चार दिवसांतला एक दिवस लगेच आठवला. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तुमची घड्याळे मागे गेल्यापासून तू सकाळी साडेसातला लंडनच्या टोकाच्या तुझ्या हॅरोल्ड वुड स्टेशनच्या फलाटावरून फोन करतेस तेव्हा आमच्याकडे दुपारचा एक वाजलेला असतो, आणि तुझ्या आवाजामागे गाडीची घोषणा ऐकू येते. त्या दिवशी ती ऐकू आली नाही. एकतीस वर्षे लोकलने नोकरी केलेल्या माणसाला फलाटावरची शांतता आणि बंद खोलीतली शांतता यांतला फरक कळतो. मला तो कळला होता, तरी मी विचारले नाही, आणि त्याबद्दल माझा स्वतःवरचा राग अजून गेलेला नाही.

तू तिथे घर घेतलेस याचा मला किती अभिमान वाटतो, हे मी तुला नीट सांगितलेलेच नाही. पैसे परवडतील अशी जागा शोधत तू शहराच्या दुसऱ्या टोकाला गेलीस, वकील, घराची तपासणी, कर्जाची कागदपत्रे हे सारे एकटीने निस्तरलेस आणि आमच्याकडे एक पैसा मागितला नाहीस. १९८८ साली आम्ही गिरगावातली खोली सोडून डोंबिवलीला हा ब्लॉक घेतला, तेव्हा माझ्या फंडातून उचल घेऊनही पैसे पुरले नव्हते आणि तुझ्या आईच्या पाटल्या गेल्या होत्या. तेव्हा लोक विचारायचे, इतक्या लांब का? तुलाही तिथे कोणी तरी तसे विचारले असेल. लंडनच्या मध्यातल्या लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनपासून तुझे स्टेशन साधारण चोवीस किलोमीटर आहे आणि गाडीला पस्तीसेक मिनिटे लागतात. माझ्या जलद लोकलला सीएसटीपर्यंत तासभर लागत असे, म्हणजे दुप्पट अंतर मी आयुष्यभर केले. त्यामुळे लांब असण्याची मला भीती नाही, हे तू लक्षात घे. आणि २०२२ मध्ये एलिझाबेथ लाइन सुरू झाल्यापासून गाडी न बदलता थेट शहराच्या मध्यात उतरता येते, हे तू सांगितलेस तेव्हा मी नकाशा काढून एकेक स्टेशन पाहिले होते. गिडिया पार्क, रॉमफर्ड, चॅडवेल हीथ, गुडमेज, सेव्हन किंग्ज, इल्फर्ड. परतीच्या वाटेवर इल्फर्डला उतरून मेथी आणि कढीपत्ता आणतेस, हे ऐकून आईला फार बरे वाटले.

तुझी वस्तीही मला आवडली. जून महिन्यात तू फोन हातात धरून आम्हाला स्टेशनपासून घरापर्यंत चालवत नेलेस, ते मी विसरलेलो नाही. बुटकी कुंपणे, दारापुढे गुलाब, रस्त्यावर एकही हॉर्न नाही, आणि जुने इस्पितळ पाडून त्या जागी उभी राहिलेली तुमची वसाहत. १०६६ मध्ये हेस्टिंग्जच्या लढाईत पडलेल्या हॅरोल्ड राजाचे नाव त्या गावाला आहे, हे तू अगदी अभिमानाने सांगितलेस, जणू तू तिथलीच झाली होतीस. पण त्या अर्ध्या तासात रस्त्यावर आम्हाला फक्त दोन माणसे दिसली. जूनमध्ये नऊनंतरही उजेड असतो, तेव्हा ती शांतता छान वाटली. आता डिसेंबरात चार वाजायच्या आत सूर्य मावळतो, तू साडेसहाला स्टेशनवर उतरतेस आणि दहा मिनिटे त्याच रस्त्याने अंधारात चालतेस. तो रस्ता वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. तू त्या रस्त्यावर आलीस किंवा आली नाहीस, हे कोणाच्या लक्षात येईल, एवढेच मला कळत नाही.

तुला आठवते का, मागे तू कौन्सिलचे, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचे, पत्र वाचून दाखवले होतेस? घरात एकच प्रौढ व्यक्ती राहत असेल तर कौन्सिल टॅक्समध्ये २५ टक्के सूट मिळते आणि ती तुला मंजूर झाली, म्हणून तू खूश होतीस. आम्हीही शाबास म्हणालो. त्या रात्री मला झोप आली नाही. माझी मुलगी एकटी राहते याची नोंद सरकारदरबारी आहे, पण तिच्या जिन्यावर कोणाला ते ठाऊक आहे का, हाच विचार डोक्यात घोळत होता. आधी लंडनच्या पलीकडच्या टोकाला, हॅरोला, तुम्ही तिघी एका घरात होता, तेव्हा भाड्यात पैसे जात होते हे खरे, पण तुला ताप आला की श्रुती आल्याचा चहा करून देत असे. डॉलिस हिलचे महाराष्ट्र मंडळही तिथून जवळ होते, गणपतीला चार ओळखीचे चेहरे दिसायचे. आता तिथे जायचे म्हणजे सगळे लंडन ओलांडून जावे लागते आणि तू यंदा गेली नाहीस.

आता थोडे कामाचे लिहितो. नव्या पत्त्यावर डॉक्टरांकडे नाव नोंदवले आहेस का? आजारी पडल्यावर नोंदवू असे म्हणू नकोस. रात्री-अपरात्री काही वाटले तर तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या १११ नंबरला फोन करून विचारता येते, हे तूच मला सांगितले होतेस, मग त्या चार दिवसांत तू तो का केला नाहीस? पैसे वाचवण्यासाठी हीटिंग बंद ठेवतेस असे आई म्हणाली. तसे अजिबात करू नकोस. बंद खोलीत ओल धरते, भिंतीला बुरशी येते आणि मग छाती धरते, तुला लहानपणी बाळदमा होता हे विसरू नकोस. कर्ज तीस वर्षांचे आहे, ते फेडायला तब्येत धड हवी. रोज रात्री पाव-चीज खाऊन झोपणे हे जेवण नव्हे. घरात धुराचा अलार्म आहे तो महिन्यातून एकदा बटण दाबून पाहत जा. आणि दुसरी किल्ली कोणाकडे आहे?

हे भाषण झाले, मला कळते आहे. एकतीस वर्षांच्या, स्वतःचे घर घेतलेल्या मुलीशी असे बोलायचे नसते. रागावू नकोस. पण किल्लीचा प्रश्न मी खोडणार नाही.

२६ जुलै २००५ तुला आठवत असेल, तू बारा वर्षांची होतीस. मी फोर्टातून निघालो आणि कुर्ल्याच्या अलीकडे गाडी थांबली ती थांबलीच. आई ठाण्याला शाळेत अडकली होती. फोन लागत नव्हते. मी दुसऱ्या दिवशी रुळांमधून चालत, कोणाच्या टेम्पोतून, पुन्हा चालत असा संध्याकाळी डोंबिवलीला पोहोचलो. वाटेत कमरेइतक्या पाण्यातून जाताना माझ्या मनात एकच हिशेब चालू होता, की लिमयेकाकूंच्या दारामागच्या खिळ्याला आपली किल्ली आहे, म्हणजे मृणाल शाळेतून आली असेल तर घरात गेली असेल. मी जिना चढून आलो तेव्हा तू त्यांच्या पाटावर बसून पिठलं-भात खात होतीस आणि तुझे दप्तर आपल्या घरात वाळत घातलेले होते. काकूंनी आपले घर उघडून तुझे कोरडे कपडे काढले होते, देवापुढे दिवाही लावला होता. लाल गोंड्याची ती किल्ली अजून त्याच खिळ्याला आहे. काकू गेल्या, आता त्यांची सून ती सांभाळते. मागच्या वर्षी आई न्हाणीघरात घसरली तेव्हा मी बँकेत होतो आणि दार त्या किल्लीनेच उघडले गेले. हे तुला सांगितले नव्हते. आम्हीही तुझ्यापासून गोष्टी लपवतो, म्हणून तुला फार बोलण्याचा अधिकार मला नाही.

तिथली माणसे अंतर राखून असतात, कोणाला किल्ली द्यायची म्हणजे त्यांच्यावर ओझे टाकल्यासारखे होते, असे तू म्हणशील. असेलही. पण तळमजल्यावरच्या कुत्रेवाल्या आजींनी तुझे पार्सल दोन दिवस सांभाळले होते आणि पावसात भिजू नये म्हणून घरात घेतले होते, हे तूच सांगितलेस. पार्सल घरात घेणारे माणूस किल्लीही घेईल, असे मला वाटते. त्यांचेही वय झाले आहे, त्यांनाही कोणी दार वाजवलेले हवे असेल. श्रुतीकडे एक ठेवलीस तरी चालेल, पण ती हॅरोला, तुझ्या दारापर्यंत यायला तिला दीड तास.

नाशिकच्या आत्याचा निखिल ५ जानेवारीला लंडनला येतो आहे. त्याच्याबरोबर भाजणी, मेतकूट, आईने केलेले लसणाचे तिखट आणि संक्रांतीचा तिळगूळ पाठवतो आहोत. तिळगुळाच्या दोन पुड्या आहेत. लहान पुडी त्या आजींसाठी आहे, तिच्यावर आईने तुझे नाव घातलेले नाही. त्यांना तीळ चालतात का, ते आधी विचारून घे, आणि द्यायला खाली जाशील तेव्हा किल्ली बरोबर घेऊन जा.

तुझे,
बाबा