निवृत्त मॅडमनी अडवलेली फाईल

विटा
रविवार, सकाळी

प्रिय सुन्या,

परवा फोनवर तू इतका पेटला होतास की मला तोंड उघडायला जागाच मिळाली नाही. तुमच्या शाळेत नेटवर्कवाला आला, मशिनं जोडणारा स्विच बदलला, केबली बदलल्या, बिल ठेवून गेला आणि वर्डची फाईल उघडायला वेळ तेवढाच लागतोय. मी लिहून कळवतो म्हणालो, कारण फोनवर तू दर वाक्याला ‘थांब थांब’ म्हणतोस. आज लाइट आहे आणि घरात पाहुणे नाहीत, म्हणून बसलोय.

आधी माझी फजिती ऐक. आमच्या पतसंस्थेचा सर्व्हर दिवाळीच्या सुट्टीत बदलला. जुना डबा घरघरत होता. सगळी फोल्डरं जशीच्या तशी नव्यावर आणली, दोन-चार फाईली उघडून पाहिल्या आणि फराळाला घरी. सुट्टी संपल्या दिवशी वसुलीतून फोन, एकशे एकच्या नोटिसा उघडत नाहीत. (सहकार कायद्याचं कलम १०१, थकबाकीदाराविरुद्ध वसुली दाखला मिळवायचं. आमच्याकडे ‘त्याचं एकशे एक केलं’ असंच बोलतात.) उघडत होत्या, पण मोबाइल लावून मोजलं तर एकेक ४७ सेकंद. रिकामं वर्ड मात्र लगेच.

मीही तुझ्यासारखाच आधी नेटवर्कवर घसरलो. मग एक नोटीस डेस्कटॉपवर कॉपी करून तिथून उघडली. तरी तेवढाच वेळ! वैतागून केबल उपसली आणि परत उघडली, तर चटकन उघडली. तिथे माझी ट्यूब पेटली. फाईल यायला वेळ लागत नव्हता. उघडता उघडता वर्ड नेटवर्कवर कुणाला तरी हाका मारत होतं आणि उत्तराची वाट बघत होतं. केबलच नसली की विचारायला कुणी नाही, म्हणून गप उघडतं.

हाका जुन्या सर्व्हरला. नमुन्यावरून केलेली प्रत्येक नोटीस आपल्या टेम्प्लेटचा, म्हणजे त्या नमुन्याच्या फाईलचा, पूर्ण पत्ता पोटात बाळगून असते, सर्व्हरच्या नावासकट. खात्री करायची तर फाईलची एक प्रत घे, तिचं शेपूट ‘डॉकएक्स’चं ‘झिप’ कर आणि उघड. आत ‘वर्ड’ फोल्डर, त्यात अंडरस्कोअर लावलेलं ‘रेल्स’, त्यात सेटिंग्जची एक चिमुकली फाईल. ती नोटपॅडमध्ये उघडली आणि समोर आमच्या भंगारात गेलेल्या डब्याचं नाव! एका फाईलपुरतं असेल तर डेव्हलपर टॅबमध्ये डॉक्युमेंट टेम्प्लेट उघडून पत्ता बदलता येतो. आमच्या नोटिसा हजाराच्या वर. मग नव्या सर्व्हरवर जुन्याच नावाचं शेअर (नेटवर्कवर सगळ्यांना उघडं केलेलं फोल्डर) केलं आणि नऊही मशिनच्या होस्ट्स फाईलमध्ये (कुठलं नाव कुठल्या पत्त्यावर, याची मशिनमधली यादी) जुन्या सर्व्हरचं नाव नव्याच्या आयपी पत्त्यासमोर लिहिलं. गावात भाऊबंदकीत घर बदललं तरी पोस्टमन बरोबर पोचतो, तसं. जुगाड आहे, कबूल. पण दुपारच्या चहाच्या आत नोटिसा निघायला लागल्या. एकच नमुना तरी अडत होता. त्याच्या डोक्यावरचा संस्थेचा लोगो फाईलच्या आत नव्हताच, जुन्या सर्व्हरवरच्या एका शेअरमधल्या चित्राला नुसता जोडलेला होता. ते शेअर करायचं मी विसरलो होतो.

आता तुझं दुसरं दुखणं, ‘ही फाईल दुसऱ्याने उघडली आहे’. आमच्याकडे तर त्या चौकटीत अशा मॅडमचं नाव यायचं, ज्या रिटायर होऊन दोन वर्षं झाली. शिपाई म्हणाला, मॅडमचा जीव अडकलाय फाईलीत! त्यांच्या मशिनवर आता नवी पोरगी बसते, पण वर्डच्या ऑप्शन्समध्ये नाव मॅडमचंच राहिलेलं. वर्ड तेच दाखवतं. फाईल उघडली की तिच्या शेजारी एक लपलेली बारकी फाईल तयार होते. तिच्या नावाच्या सुरुवातीला नागमोडी रेघ आणि डॉलर, आत उघडणाऱ्याचं नाव. नीट बंद केलं की ती पुसली जाते. लाइट गेली किंवा वर्ड हँग झालं की मागे राहते आणि सगळ्यांना अडवते. लपलेल्या फाईली दाखवायचं चालू कर, खरंच कुणी उघडलेलं नाही ना हे सर्व्हरवरच्या ओपन फाइल्सच्या यादीत बघ, मगच ती पूस. यादी न बघता पुसशील तर दोघं एकाच पत्रावर काम करत बसतील.

तुझ्या शाळेच्या नमुन्यांचं दुखणं मात्र वेगळं. डबल क्लिक केलं तर टेम्प्लेटवरून नवं कागदपत्र निघतं. उजव्या क्लिकने ‘ओपन’ केलं तर खुद्द नमुनाच उघडतो आणि बोनाफाईडवर मागच्या पोराचं नाव कायमचं छापून बसतं. त्या फोल्डरला सगळ्यांसाठी फक्त वाचायची परवानगी ठेव.

पण हा शहाणपणा ॲक्सेसच्या (मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस प्रोग्रॅमच्या) फोल्डरला लावू नकोस. मी लावला होता. आवक-जावकचा डेटाबेस कुणी उडवू नये म्हणून पोरांची डिलीटची परवानगीच काढली. मोठा हुशार! ॲक्सेसचीही अशीच लॉक फाईल असते, जुन्या एमडीबीची एलडीबी, नव्याची एलएसीसीडीबी. पहिला माणूस आत आला की ती तयार व्हायला हवी, शेवटचा गेला की पुसली जायला हवी. माझ्या कृपेने ती पुसलीच जाईना. जिथे फाईल तयारही करता येत नाही तिथे तर पहिला माणूस अख्खा डेटाबेस एकट्यासाठी धरून बसतो आणि बाकीचे दाराबाहेर.

आणि तुमचे आठही जण सर्व्हरवरची ॲक्सेसची एकच फाईल उघडतात ना? पंधरा दिवसांनी ती फाटते, म्हणजे बिघडते, याचं नवल नाही. ॲक्सेस कागदोपत्री एकावेळी २५५ जणांना आत घेतं, त्यावर जाऊ नकोस. डेटाबेसचे दोन तुकडे कर. सर्व्हरवर नुसती टेबलं. फॉर्म आणि रिपोर्ट प्रत्येकाच्या मशिनवर, त्या टेबलांना जोडलेले. आणि जोडताना झेड ड्राइव्ह देऊ नकोस, सर्व्हरचा पूर्ण पत्ता दे. एकाच्या मशिनवर झेड असतो, दुसऱ्याच्या वाय.

एक संशय मात्र आहे. लॉक फाईलची प्रत नोटपॅडमध्ये उघडली की कचऱ्यासारख्या अक्षरांत मशिनची नावं वाचता येतात. आमच्याकडे बिघाड झाला की दर वेळी त्यात एक नाव असायचंच, मॅनेजरसाहेबांच्या लॅपटॉपचं. साहेब वायफायवरून एंट्री उघडी ठेवून मीटिंगला जायचे, झाकण मिटून. लिहिता लिहिता कनेक्शन तुटलं की फाईल अर्धवट राहते. त्यांना टेबलावर केबल लावून दिली, तेव्हापासून कॉम्पॅक्ट अँड रिपेअर (ॲक्सेसची आपली डागडुजी) महिन्यातून एकदा, तेही सवय म्हणून. तुमच्या हेडसरांच्या केबिनमध्ये केबल आहे का, बघ.

पुढच्या बिघाडाला लगेच काही दुरुस्त करू नकोस. आधी त्या लॉक फाईलचा फोटो मला पाठव आणि डेटाबेसची एक प्रत बाजूला काढ. पुढच्या शनिवारी रात्रीच्या एस.टी.ने येतो. वहिनींना सांग, रविवारी जेवायला आहे. भडंग आणतो, तिखट.

सर्व्हरला संस्थापकांचं नाव द्यायचा ठराव झालाय म्हणत होतास. मी येईपर्यंत ते नाव फक्त डब्यावर चिकटव. आत सेटिंगमध्ये हात लावू नकोस.

तुझा,
पक्या