मंत्रिमहोदय, मंजूर झालेला हप्ता कधी देणार?

मा. विज्ञान व तंत्रज्ञान मंत्री यांस,
स. न. वि. वि.

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका महाविद्यालयात केमिकल इंजिनिअरिंग शिकवतो. औषध शरीरात हव्या त्या जागी, हव्या त्या वेगाने कसे सोडायचे, या संशोधनात माझी उमेदीची सगळी वर्षे गेली. गेल्या आठवड्यात माझा पीएचडीचा विद्यार्थी काम अर्धवट सोडून कंपनीत रुजू झाला. सरकारी प्रकल्पाच्या अनुदानाचा दुसरा हप्ता आलाच नाही, त्यामुळे त्याचे विद्यावेतन थकले होते. खोलीचे भाडे मी भरत होतो, पण घरी आईवडिलांना तो काय पाठवणार? त्याला थांब म्हणायला माझी जीभ रेटली नाही.

२०२३ मध्ये ज्युनिअर फेलोशिप, म्हणजे पीएचडीच्या मुलांचे विद्यावेतन, महिना ३१ हजारांवरून ३७ हजार झाली, तेव्हा आम्ही आनंदाने पेढे वाटले. मंजुरीपत्रातला आकडा वाढला, खात्यात मात्र खडखडाट.

आमचे काम कसे चालते, ते एकदा येऊन बघा. औषध कातडीतून किती पार होते हे बघायला कत्तलखान्यातून डुकराचा कान आणायचा, त्याची कातडी सोलून काचेच्या दोन कप्प्यांमध्ये बसवायची, खालचे द्रावण ३७ अंशांवर ढवळत ठेवायचे. दर तासाला थोडा नमुना काढायचा आणि तेवढेच ताजे द्रावण भरायचे, रात्रभर. हे त्या पोराने एकट्याने केले. मग नमुन्यात औषध किती आहे ते मोजणाऱ्या एचपीएलसी यंत्राचा पंप बंद पडला, देखभालीच्या वार्षिक कराराला (एएमसी) पैसे नव्हते, आणि त्याचे नमुने तपासणीविना फ्रीजमध्ये खराब झाले. त्याच सुमारास अनुदान देणाऱ्या संस्थेचे पत्र आले: युटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे पैसे कुठे खर्च झाले त्याचा दाखला, नव्या नमुन्यात पुन्हा पाठवा. आता पैसे आले तरी मार्चअखेरीस येणार आणि ३१ तारखेच्या आत खर्च करा म्हणून तगादा लागणार.

या विषयाला वर्षानुवर्षे द्यावी लागतात, साहेब. अमेरिकेतले संशोधक रॉबर्ट लँगर हेही केमिकल इंजिनिअरच. प्रथिनांसारखे मोठे रेणू पॉलिमरमधून (प्लास्टिकसारख्या पदार्थातून) सावकाश सोडता येतात, हे त्यांनी शल्यविशारद ज्यूडा फोकमन यांच्यासोबत १९७६ साली दाखवले. कुणाचा विश्वास बसेना, त्यांचे सुरुवातीचे नऊ अनुदान अर्ज फेटाळले गेले. मेंदूतली गाठ काढल्यावर तिथेच ठेवायच्या औषधी चकतीला अमेरिकेत मान्यता मिळाली ती १९९६ मध्ये. मधली वीस वर्षे काम चालू राहिले, म्हणून ते झाले. आपल्या माटुंग्याच्या यूडीसीटी या रसायन तंत्रज्ञानाच्या संस्थेतून (आताची आयसीटी) गेलेले समीर मित्रगोत्री लँगर यांच्याकडेच पीएचडीला होते. अल्ट्रासाउंडच्या मदतीने त्वचेतून इन्सुलिन आत पाठवता येते, हे त्यांनी १९९५ मध्ये दाखवले. आज ते हार्वर्डला प्राध्यापक आहेत. अशी मुले इथे टिकावीत म्हणून तुम्ही काय केलेत?

आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून जास्त मधुमेही आहेत. सुईशिवाय इन्सुलिन आपल्याइतके कुणाला हवे आहे? आणि संशोधनावर आपला खर्च जीडीपीच्या पाऊण टक्क्याहूनही कमी. राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानासाठी पाच वर्षांत ५० हजार कोटींची घोषणा झाली, त्यातले ३६ हजार कोटी सरकारबाहेरून येतील अशी आशा. २०२२ मध्ये संशोधन उपकरणांवरची जीएसटीची सवलत काढून ५ टक्क्यांचे १८ केलेत. २०२४ च्या अर्थसंकल्पात तर प्रयोगशाळेच्या रसायनांवर १५० टक्के सीमाशुल्क! ओरड झाली म्हणून मागे घेतलेत. असले निर्णय घेताना प्रयोगशाळेत राबणाऱ्या एकाला तरी विचारता का? भाषणात आम्ही देशाचे भविष्य, आणि फाइलमध्ये आम्ही संशयित, प्रत्येक पावतीचा जाब देणारे.

विद्यावेतन प्रकल्पाच्या हप्त्याला बांधू नका, ते दरमहा थेट मुलांच्या खात्यात जाऊ द्या. आणि आमचा हप्ता कोणत्या तारखेला येणार, ते लेखी कळवा. माझ्या निवृत्तीला थोडीच वर्षे उरली आहेत. नवा विद्यार्थी घ्यायचा की ती जागा रिकामी ठेवायची, हे मला जूनच्या आत ठरवायचे आहे. उत्तर त्याआधी द्या.

आपला,
केमिकल इंजिनिअरिंगचा एक प्राध्यापक