पेटीवाल्या मावशींना, उशिरा का होईना

सलाम मावशी,

हे सगळ्यांसमोर लिहितोय कारण तोंडावर आभार मानले की तुम्ही "गप रे, चहा घे" म्हणून विषय बदलता.

तुम्हाला आठवत असेल, मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. आजोबा कीर्तनकार, पप्पा नगर जिल्ह्यातल्या खेडोपाडी सायकलवर फिरून उपदेश करणारे, त्यामुळे मी पण बोलणारच असं सगळ्यांनी धरून चाललेलं. आणि माझी जीभ अडकते! चर्चच्या तरुण संघात साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायला, उभं केलं, पहिल्याच शब्दाला अडकलो, मागच्या बाकावरची पोरं हसली आणि आमच्या एका पुढाऱ्यांनी माईकवरूनच सांगितलं की आत्म्याने भरलेला माणूस असा अडखळत नसतो. त्यानंतर मी रविवारी चर्चला यायचो पण आत नाही, बाहेर गाड्यांपाशी मोबाईल बघत उभा.

तुम्ही एकदा बाहेर आलात. मला वाटलं आता समजावणार, प्रार्थना करू म्हणणार. तर तुम्ही विचारलं, "भजन चालू असताना खिडकीतून बघते मी, एका ठराविक जागेला तू तोंड वाकडं करतोस, का रे?" मी म्हणलं पेटीचा (हार्मोनियमचा) गंधार उतरलाय. आत इतकी माणसं रोज गातात, कुणाला कळलं नव्हतं, वाजवणाऱ्यालाही नाही.

मग उपासना संपल्यावर तुम्ही पेटी उघडायला लावली. वडिलांकडून शिकलेलं सगळं दाखवलंत, रीड, म्हणजे आतली सूर देणारी पितळी पट्टी, टोकाला घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो, आणि अगदी हलक्या हाताने, कारण पितळ एकदा गेलं की परत येत नाही. मी अर्थातच जास्त घासली, सूर पार वर गेला. "आता बुडाशी घास, घाबरतोस काय," एवढंच म्हणालात. एक रीड तर वाजतच नव्हती, तिच्याखाली नाताळच्या सजावटीतली चंदेरी चमकी अडकलेली, कागदाची पट्टी सरकवून काढली आणि भाता मारल्यावर ती जी बोलली ना, मी हसलो. साक्षीच्या त्या दिवसानंतर पहिल्यांदा.

जाताना बायबलमधला १ करिंथ १२ वाचून ये म्हणालात. सगळं शरीर डोळाच असतं तर ऐकणं कुठे असतं, हे त्यात आहे. शंभरदा ऐकलं असेल, पण मी स्वतः कान असू शकतो हे डोक्यात आलं नव्हतं. माझ्या मते आपल्या चर्चच्या मंडळ्यांत देवाने दिलेलं दान म्हणजे स्टेज, माईक, गळा एवढंच धरतात, बाकीचे सगळे खुर्च्या उचलायला. मध्ये एकाने कृपादान ओळखायची प्रश्नावली भरून घेतली, माझं उत्तर आलं आदरातिथ्य! पाहुणे आले की मी गच्चीवर पळतो हे तुम्हाला माहितीये.

आणि टिळकांचं जे सांगितलंत ते. १८९५ ला नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा झाला पण त्यांची कविता काय त्या पाण्यात वाहून गेली नाही, तीच घेऊन ते मंडळीत आले, म्हणून आज आपण चर्चमध्ये अभंग गातो. "तुझ्याकडे कान आहे तर कानच आण, आजोबांचा गळा कशाला उसना मागतोस?" तुमचं हे वाक्य मी पप्पांनाही ऐकवलं. ते काही बोलले नाहीत, पण पुढच्या आठवड्यात शेजारच्या गावच्या चर्चची फाटक्या भात्याची पेटी एसटीत मांडीवर घेऊन आले, माझ्यासाठी.

आता तीन चर्चच्या पेट्या बघतो. साक्ष अजून देत नाही, कुणी आग्रह पण करत नाही, आणि अडखळायचं म्हणाल तर तसाच अडखळतो. पण आत बसतो, पेटीच्या बाजूला.

तुमच्या घरच्या पेटीची काळी पाच जरा उतरलीये, मागच्या वेळी लक्षात आलं होतं पण बोललो नाही. नाताळच्या आधीच्या शनिवारी येतो. चहा ठेवा, साखर कमी.

तुमचा,
गाड्यांपाशी उभा असायचा तो