क्रूझच्या बंदरावर दागिना घेताना पावतीवर काय लिहून घ्यावे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

सुट्ट्या जवळ आल्या की क्रूझ सहलींच्या जाहिराती वाढतात. महाराष्ट्रातले पर्यटक सिंगापूरहून पेनांग-फुकेतची फेरी करतात. मुलांकडे अमेरिकेत गेलेले आईवडील मायामीहून कॅरिबियन बेटांवर जातात. जाहिरातीत केबिन, जेवण, पोहण्याचा तलाव सगळे असते. बोटीवरून उतरताच ज्या दागिन्यांच्या दुकानांसमोरून जावे लागते, त्यांच्याबद्दल मात्र अवाक्षर नसते. लोक तेथे आयुष्यभराच्या बचतीतले पैसे खर्च करतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

सोन्याच्या जागी पितळ आणि हिऱ्याच्या जागी काच, एवढीच फसवणूक असते ही समजूत आधी सोडावी. असे प्रकार होतात, पण ते घरी आल्यावर कोणताही सराफ दोन मिनिटांत ओळखतो. अवघड प्रकार वेगळा आहे. खडा खरोखरच माणिक असतो, पण त्यात निम्मी काच ओतलेली असते. हिरा हिराच असतो, पण प्रयोगशाळेत वाढवलेला. टांझानाइट (निळ्या-जांभळ्या रंगाचा खडा) खरे असते, पण फिकट खड्यावर रंगाचा थर चढवलेला. विक्रेता तोंडाने 'नैसर्गिक' म्हणतो आणि पावतीवर 'लाल खड्याची अंगठी' एवढेच लिहितो. पुढे भांडायचे झाले तर तोंडी शब्दाला किंमत नाही, आणि पावती तर चूक नाही. त्यामुळे दुकानात उभे राहून खरे-खोटे ठरवण्यापेक्षा पावतीवर काय येते याकडे लक्ष देणे जास्त महत्त्वाचे.

घड्याळही दुकानदाराच्या बाजूने असते. बोट बंदरात सहा ते दहा तास थांबते आणि सुटण्याच्या अर्धा-एक तास आधी प्रवाशांनी परतायचे असते. विक्रेत्याला प्रत्येक बोटीची वेळ पाठ असते. 'तुमची बोट चारला आहे, साहेबांना विचारून शेवटचा भाव आणतो' हे वाक्य साडेतीनलाच येते. कॅरिबियनमधल्या सेंट थॉमस बेटावरच्या शार्लट अमालीत, सेंट मार्टिनच्या फिलिप्सबर्गमध्ये किंवा मेक्सिकोच्या कोझुमेलला अशी दुकाने ओळीने आहेत. काही ठिकाणी काउंटरवर हिंदी बोलणारा माणूस भेटतो. आपला माणूस दिसला की आपण सैल पडतो, प्रश्न विचारायला संकोचतो. असा संकोच करू नये.

बोटीवर बंदर येण्याआधी खरेदीविषयी एक व्याख्यान होते, नकाशा मिळतो आणि 'शिफारस केलेली' दुकाने खुणावलेली असतात. फुकट लोलक किंवा ब्रेसलेटची कुपनेही वाटतात. या यादीत येण्यासाठी दुकाने सहसा प्रसिद्धीचे पैसे मोजतात, म्हणजे ती यादी एक जाहिरात आहे. तिच्यासोबतची हमी बारीक अक्षरांसह वाचावी. खडा निखळला, कडी तुटली अशा दोषांसाठी ती असते, मुदत बहुधा एक-दोन महिन्यांची. 'महाग पडले', 'मन बदलले', 'घरी मूल्यांकन कमी आले' ही कारणे तिच्यात सहसा बसत नाहीत.

आता खड्यांकडे. कॅरिबियन बंदरांत सर्वांत जास्त गाजावाजा टांझानाइटचा. हा खडा १९६७ साली टांझानियात, अरुशाजवळच्या मेरेलानी टेकड्यांत सापडला आणि आजही व्यापारी प्रमाणात तेथेच मिळतो. 'खाण संपत आली, लवकर घ्या' हे सांगणे मात्र दशकानुदशके चालू आहे. बाजारातले जवळपास सगळे टांझानाइट तापवून निळे केलेले असते. ही मान्य प्रक्रिया आहे, त्यात फसवणूक नाही. फसवणूक दोन जागी होते. एक म्हणजे फिकट जांभळट, स्वस्त खडा, कधी त्यावर रंगाचा थर चढवून, गडद खड्याच्या भावाने विकणे. दुसरी म्हणजे काच किंवा कृत्रिम फॉर्स्टेराइट (दिसायला तसाच, पण वेगळा खडा) टांझानाइट म्हणून देणे.

खडा उजेडात हळूहळू फिरवा. टांझानाइट एका दिशेने निळे आणि दुसऱ्या दिशेने जांभळे दिसते. काच सगळीकडून एकच रंग दाखवते. फॉर्स्टेराइटही दोन रंग दाखवते, म्हणून तेवढ्यावर थांबू नये. दहापट भिंगातून खड्याच्या वरच्या सपाट पैलूतून आत पाहा. मागच्या पैलूंच्या कडा ठळकपणे दुहेरी दिसल्या तर ते फॉर्स्टेराइट असण्याची शक्यता मोठी. टांझानाइटमध्ये हे दुहेरीपण फारच पुसट असते. रंगाचा थर चढवलेल्या खड्यात पैलूंच्या कडांवर थर झिजून रेषा फिकट दिसतात. भिंग चारपाचशे रुपयांत मिळते, ते पर्समध्ये न्यावे. अस्सल टांझानाइटचेही काठिण्य दहापैकी साडेसहाच्या आसपास, आणि घरातल्या धुळीतली वाळू सातची. रोज घालायच्या अंगठीत त्याचे पैलू बोथट होतात. पदक किंवा कानातल्यांत ते टिकते. अल्ट्रासॉनिक यंत्रात किंवा वाफेने ते स्वच्छ करू नये, चीर जाऊ शकते. ही माहिती जो विक्रेता आपणहून देतो, त्याच्याकडे थोडे अधिक विश्वासाने बघायला हरकत नाही.

फुकेतला किंवा बँकॉकसाठी लेम चाबांगला बोट लागते तेव्हा माणिक आणि नीलम समोर येतात. थायलंडमधले चांथाबुरी हे रत्नांवर प्रक्रिया करण्याचे जगातले मोठे केंद्र आहे, आणि तेथे उत्तम मालही मिळतो. पण २००४ च्या सुमारास शिसेयुक्त काच भरलेली माणके मोठ्या प्रमाणात बाजारात आली आणि तेव्हापासून ती गेलेली नाहीत. चिरांनी भरलेले, जवळपास अपारदर्शक दगड घेऊन त्यांच्या भेगांत वितळलेली शिसेकाच मुरवतात. दगड लालभडक आणि पारदर्शक होतो. भिंगाखाली खडा तिरका केला की भेगांत निळी किंवा नारिंगी चमक उठते आणि काचेतले गोल बुडबुडे दिसतात. अशा खड्याचा घाऊक भाव कॅरेटला काही डॉलर एवढाच असतो. आणि धोका फक्त किमतीचा नाही. लिंबाच्या रसाने किंवा आम्ल असलेल्या घरगुती क्लीनरने ही काच खरवडली जाते. अंगठीचे माप वाढवायला सोनाराकडे दिली आणि त्याने खडा न काढता सांधा जोडला, तर ज्योतीच्या उष्णतेने काच वितळते आणि खडा पांढुरक्या जाळ्यांनी भरतो. दोष मग बिचाऱ्या सोनारावर येतो.

'पूर्ण शुद्ध, एकही डाग नाही' असे मोठे माणिक स्वस्तात मिळत असेल तर ते बहुधा कारखान्यात बनवलेले असते. ज्योतीतून माणिक तयार करण्याचे तंत्र १९०२ पासून माहीत आहे. ते रासायनिकदृष्ट्या माणिकच असल्यामुळे विक्रेता 'खरे माणिक' शपथेवर सांगू शकतो. त्याला 'नैसर्गिक' हा शब्द लिहायला सांगा. अलेक्झांड्राइटची हीच गत आहे. बंदरावर मिळणारा, जांभळटाचा निळसर होणारा मोठा खडा बहुतेक वेळा कृत्रिम कुरुंद (माणिक-नीलम ज्या खनिजाचे असतात ते) असतो. अस्सल अलेक्झांड्राइट दिवसाच्या उजेडात हिरवे, पिवळ्या दिव्याखाली लालसर दिसते आणि मोठ्या आकारात फार महाग असते.

थायलंडमधला आणखी एक जुना सापळा म्हणजे नगण्य भाड्यात शहर दाखवणारा रिक्षावाला. तो सांगतो की मंदिर आज बंद आहे, पण सरकारी रत्नविक्रीचा आजच शेवटचा दिवस आहे, आणि येथे घेतलेले खडे मायदेशी दुप्पट किमतीला जातात. वाटेत भेटणारा 'सहज' ओळखीचा परदेशी पर्यटकही तेच सांगतो. सरकारी रत्नविक्री अशी काही नसते. या प्रकारात अडकल्यास तेथील पर्यटक पोलिसांचा क्रमांक ११५५ आहे. बोट सुटण्याआधीच फोन करावा, कारण पैसे परत मिळायची खरी संधी तेव्हाच असते.

सोन्याच्या बाबतीत आपल्याला ९१६ पाहायची सवय आहे. परदेशात बहुतेक दागिने १४ किंवा १८ कॅरेटचे असतात. १८ कॅरेटवर ७५०, १४ वर ५८५, १० वर ४१७ असा शिक्का असतो. शिक्क्यापुढे जीपी, एचजीई किंवा जीएफ अक्षरे असतील तर तो मुलामा किंवा पातळ पत्रा आहे. ९२५ म्हणजे चांदी, वर सोन्याचे पाणी असले तरी. बोटीच्या डेकवर रिळावरून इंचाइंचाने कापून विकल्या जाणाऱ्या साखळ्या सोन्याचा थर दिलेल्या असतात. हौसेला घ्याव्यात, सोने म्हणून नव्हे. लोहचुंबकाने फक्त लोखंड कळते. पितळ आणि तांबे चुंबकाला चिकटत नाहीत, आणि अस्सल साखळीच्या कडीतली पोलादी स्प्रिंग मात्र थोडी ओढली जाते.

भाव काढायची रीत सोपी आहे. सोन्याचे वजन खड्यांशिवाय ग्रॅममध्ये विचारा (एक कॅरेट खडा म्हणजे ०.२ ग्रॅम). १० ग्रॅमच्या १४ कॅरेट दागिन्यात ५.८५ ग्रॅम शुद्ध सोने असते. त्या दिवसाच्या २४ कॅरेटच्या भावाने त्याची किंमत काढा. उरलेली रक्कम घडणावळ, खडे आणि नफा. हा आकडा समोर आला की '७० टक्के सूट' या पाटीचा अर्थ आपोआप कळतो. आपल्याकडच्या हॉलमार्कसोबतच्या सहा अक्षर-अंकांच्या ओळखक्रमांकाची, म्हणजे एचयूआयडीची, तपासणी बीआयएस केअर ॲपवर होते, परदेशी शिक्क्याला तशी सोय नाही.

हिऱ्यासाठी दुकानदार टेस्टर पेन लावून दाखवतो. साधे पेन उष्णतेचे वहन मोजते. त्याने काच आणि झिर्कोनियासारखे नकली खडे बाद होतात, पण मॉयसनाइट हा हिऱ्यासारखा दिसणारा खडा 'हिरा' म्हणून पास होतो आणि प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा तर होणारच. जीआयए किंवा आयजीआय या रत्नपरीक्षण संस्थांचा अहवाल असेल तर क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर तेथेच तपासा आणि हिऱ्याच्या कडेवर लेझरने कोरलेला क्रमांक भिंगातून जुळवा. बंदरावर मोबाइल डेटा चालेल अशी सोय आधी करून ठेवा. दुकानाने स्वतः दिलेले 'मूल्यांकन प्रमाणपत्र' हा अहवाल नव्हे. त्यावर दुप्पट-तिप्पट रक्कम लिहिणे ही विक्रीचीच युक्ती आहे.

कोझुमेलच्या काळ्या पोवळ्याबद्दल एवढेच, की ते अस्सल असले तरी घेऊ नये. दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात ते आहे आणि परवान्याशिवाय सीमा ओलांडताना जप्त होऊ शकते.

पावतीवर पुढील मजकूर विक्रेत्याच्या हाताने आणि सहीने असावा: खड्याचे नाव, नैसर्गिक की प्रयोगशाळेत बनवलेला, कोणती प्रक्रिया केली आहे, प्रत्येक मुख्य खड्याचे कॅरेट वजन, धातूची शुद्धता आणि ग्रॅम, परत घेण्याची मुदत आणि अटी, दुकानाचे पूर्ण नाव-पत्ता. 'काही प्रक्रिया नाही' असे म्हणत असेल तर तेही लिहायला लावा. येथेच बहुतेकदा आवाज बदलतो. लिहायला नकार आला तर दागिना परत ठेवून बाहेर पडा, भाव कितीही खाली आला तरी. दागिना आणि पावती यांचा एकत्र फोटो काढा आणि पेटी आपल्या डोळ्यांसमोर बंद करून घ्या. आतल्या खोलीत 'पॉलिश' करायला नेऊ देऊ नका. 'घरी कुरिअर करतो, कर वाचेल' हे मान्य करू नका. कस्टमसाठी कमी रकमेची दुसरी पावती तर अजिबात घेऊ नका. ती गुन्हा ठरते, शिवाय तक्रारीत तुमच्याच विरोधात उभी राहते.

पैसे क्रेडिट कार्डाने द्या, रोख किंवा डेबिट नको. यंत्र रुपयांत की स्थानिक चलनात विचारेल, तेव्हा स्थानिक चलन निवडा. रुपयांचा पर्याय दुकानाच्या दराने महाग पडतो. 'ड्युटी फ्री' ही पाटीही त्या बंदरापुरतीच. सोन्याच्या दागिन्यांवरची वजनाची सवलत भारतात फक्त वर्षाहून अधिक काळ परदेशात राहून परतणाऱ्यांना मिळते, आठवड्याच्या क्रूझवाल्यांना नाही. अमेरिकेत राहणाऱ्यांना एरवी ८०० डॉलरपर्यंत, तर सेंट थॉमस ज्यांत येते त्या अमेरिकन व्हर्जिन बेटांहून परतताना १,६०० डॉलरपर्यंत सूट असते.

परत आल्यावर पहिल्या आठवड्यातच तपासणी करावी. मुंबईत जीआयए, आयजीआय आणि जीआयआयच्या प्रयोगशाळा आहेत. सोन्यासाठी बीआयएसमान्य हॉलमार्किंग केंद्रात जाता येते. तेथील एक्स-रे यंत्र फक्त वरचा थर वाचते. जाड मुलाम्याची शंका असल्यास तसे आधी सांगावे. अहवाल पावतीशी जुळला नाही तर दुकानाला ईमेल करा आणि त्याच दिवशी कार्ड देणाऱ्या बँकेकडे 'वर्णनानुसार वस्तू नाही' म्हणून लेखी तक्रार द्या. पावती, फोटो, अहवाल आणि दुकानाशी झालेला पत्रव्यवहार सोबत जोडा. कार्ड कंपन्यांच्या नियमांत अशा तक्रारीला साधारण १२० दिवस मिळतात, पण बँकेची स्वतःची मुदत त्याहून कमी असू शकते. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते.

महाराष्ट्रातल्या सहल कंपन्यांना एक विनंती. निघण्यापूर्वीच्या बैठकीत पासपोर्ट आणि कपड्यांइतकाच वेळ या विषयाला द्यावा. वर दिलेला पावतीचा मजकूर इंग्रजीत छापून त्याचा कागद प्रत्येक प्रवाशाच्या हाती ठेवावा, म्हणजे भाषेची अडचण असलेल्या ज्येष्ठांना तो काउंटरवर नुसता पुढे करता येईल. आणि एखाद्या दुकानात गट नेल्याबद्दल टूर लीडरला दलाली मिळत असेल, तर ते दुकानात शिरण्याआधी गटाला स्पष्ट सांगावे.

कळावे,
आपला,
एक रत्नपरीक्षक, ठाणे