राख किती, हाच खरा प्रश्न

नागपूर

प्रिय सुहास,
स. न.

२३ नोव्हेंबर २०२५ ला इथिओपियातला हायली गुब्बी ज्वालामुखी फुटला, त्याची राख दुसऱ्या रात्री दिल्लीवर येणार हे आधी कसं कळलं, असं तू विचारलंस. वाऱ्याचा भाग त्यातल्या त्यात सोपा आहे गड्या. हिवाळ्यात बारा किलोमीटरच्या आसपास पश्चिमेचा जेट, म्हणजे अतिवेगवान वाऱ्याचा पट्टा, वाहतोच, आणि आपल्या सोनेगावसारख्या ठिकाणांहून सुटणाऱ्या हवामान-फुग्यांची मोजमापं हवामानाच्या संगणकी मॉडेलात जातात. घोडं पेंड खातं ते उगमाशी, म्हणजे ज्वालामुखीतून राख किती बाहेर पडते तिथे.

राखेचा दर थेट मोजता येत नाही, तो मुखातून वर चढणाऱ्या राखेच्या स्तंभाच्या उंचीवरून काढतात. दर उंचीच्या साधारण चौथ्या घाताने वाढतो. दहाऐवजी बारा किलोमीटर धरलेस की राख दुप्पट. २०१० नंतर युरोपात विमानांसाठी हवेतल्या राखेच्या ०.२, २ आणि ४ मिलिग्रॅम प्रति घनमीटर अशा पायऱ्या ठरल्या: कमी, मध्यम, जास्त. म्हणजे एवढ्याशा चुकीने ‘मध्यम’ पट्टा थेट ‘जास्त’च्या उंबरठ्यावर. उंची मुखापासून घ्यायची, समुद्रसपाटीपासून नाही. मेक्सिकोच्या पोपोकातेपेत्लला, त्याचं मुख पाच हजार मीटरच्याही वर, हे विसरलास तर गणित कोसळलंच. शिवाय बहुतेक राख जवळच पडते. लांब जाणारी बारीक राख बरेचदा एकूण वस्तुमानाच्या पाच टक्क्यांच्या आसपास धरतात. दहा मायक्रॉनचा कण मात्र सेकंदाला सेंटीमीटरभरही उतरत नाही.

हायस्प्लिट, म्हणजे हवेतली राख कुठे वाहत जाईल ते काढणारं मॉडेल, तूच चालवून बघ. अक्षांश १३.५ उत्तर, रेखांश ४०.७ पूर्व, स्तंभाचा माथा, उद्रेकाचा कालावधी, जीएफएस या जागतिक हवामान मॉडेलचा वारा. वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत टाक. भारतीय वेळ तशीच टाकलीस तर साडेपाच तासांचा फरक पडतो. सेकंदाला चाळीस मीटरच्या जेटमध्ये तो आठशे किलोमीटर होतो, नागपूरवरचा ढग मुंबईपलीकडे समुद्रात दिसेल.

मग उपग्रहाशी ताडून पाहा. उपग्रहाने ११ मायक्रॉनच्या अवरक्त तरंगलांबीवर मोजलेल्या तापमानातून १२ मायक्रॉनचं वजा केलं की राखेला उणे येतं, पाण्या-बर्फाच्या ढगाला अधिक. पण स्तंभात बर्फ फार असला तर राख लपते, आणि वाळवंटी धूळसुद्धा उणेच दाखवते. राजस्थानवर म्हणूनच जपून. सल्फर डायऑक्साइडच्या नकाशाला राखेचा नकाशा समजू नकोस; दोघं वेगवेगळ्या उंचीवर असले तर वाटाही वेगळ्या होतात.

आपल्याकडे आलेल्या त्या राखेचे इशारे फ्रान्समधल्या तुलूजच्या ज्वालामुखी-राख सल्ला केंद्राचे होते. असे इशारे साधारण सहा तासांनी येतात आणि पुढच्या अठरा तासांचं चित्र देतात. तुझं रन त्यांच्याशी जुळव. न जुळल्यास आधी उंची बदल, वाऱ्याला दोष नंतर दे. नकाशासोबत उभा छेदही पाठव.

तुझा,
मिलिंद